तारमास्तर, पुन्हा

संच चार हजार दोनशे नव्वदला आहे.
पाच चित्रपट, एक पुस्तिका, जाड पुठ्ठ्याची पेटी,
आणि वर छापलेलं : मूळ निगेटिव्हवरून नव्याने स्वच्छ केलेले.
मी हर्णैच्या बर्फ कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळतो,
लाद्यांत हिशेब करायची सवय आहे.
बर्फाचं एक बरं असतं,
परवा नेलेला कुठे गेला असं घरी कुणी विचारत नाही.

'तारमास्तर' मी तीनदा विकत घेतलाय.

पहिल्यांदा टेपा. दाऊद हमदुलेने कुवेतहून
व्हीसीआर आणला, ब्लँकेटात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा.
पैसे अर्धे-अर्धे, टेपा त्याच्या घरी,
कारण टीव्हीही त्याचाच.
बंदरातला तो किडकिडीत तारबाबू,
पंधरा शब्दांच्या तारेवरून खुनी ओळखणारा :
शब्दाला पैसे पडले की माणूस खोटं कमी बोलतो, म्हणायचा.
आम्ही त्याच्या आधी बोलायचो.

दुसऱ्या भागात, किल्ली दीपगृहात पोचायच्या ऐन वेळी
चार मिनिटं झुबेदाचा निकाह होता.
दाऊदची बहीण. कॅसेट उतरवून घेताना चुकून ह्या टेपवर गेला.
खुर्च्या, सरबत, कुणाचा तरी पोरगा कॅमेऱ्याला जीभ दाखवतो,
आणि परत बंदर, किल्ली वर पोचलेली.
कशी पोचली ते दाऊद सांगायचा,
दर वेळी तेच, हातवारे करून :
सुरमईच्या पोटातून.
दीपगृहाचा खानसामा सुरमई चिरतो, आणि टण्‌.

मग खारी हवा. ती बिजागऱ्या खाते, दात खाते,
टेपांवर तिने पांढरी साय धरली.
दुसऱ्यांदा दापोलीच्या स्टँडवरून सीड्या, एका चित्रपटाच्या दोन.
दुसऱ्या भागाची पहिली उघडलीच नाही.
त्या सगळ्या आता बोंबलांच्या वलांडीवर टांगल्यात.
भाग तिसरा, डिस्क दुसरी, उन्हात गरगरते,
कावळा बिचकतो.
खुनी अजून मोकळाच.

तिसऱ्यांदा डीव्हीडी. त्या बिस्किटांच्या डब्यात, कापूर घालून.
तेव्हा ती चार मिनिटं बघितली.
किल्ली पोस्टमन नेऊन देतो.
सरळ जिना चढून. पावतीवर सही घेऊन.
दाऊद तेव्हा कुवेतलाच होता,
सुलैबिखातच्या कबरस्तानात,
नाहीतर फोन केला असता. नसताही केला.

मृण्मयी म्हणते, बाबा, ह्याला प्लेअर कुठाय आपल्याकडे?
आणि थांबा ना, मोबाईलवर येईलच.
येईल. जाईलही.
पण पेटीच्या मागे बारीक अक्षरांत आहे :
दुसऱ्या भागातली हरवलेली सहा मिनिटं, प्रथमच.
कुठली सहा, ते लिहिलेलं नाही.

सहा मिनिटांत एक सुरमई चिरून होते.

शनिवारी बाजारात झुबेदा भेटली, चष्मा कपाळावर,
बरोबर नात, तिच्याएवढीच उंच.
घेऊ का, विचारलं.
सगळं ऐकून घेतलं तिने, मग म्हणाली,
माझा निकाह आहे का त्यात?
नाही, म्हटलं, तो कसा असेल.
मग स्वच्छ केलं म्हणजे काय केलं, म्हणाली,
आणि कोथिंबिरीची जुडी उलटी करून मुळं बघू लागली.

पेटी अजून मोबाईलमधल्या टोपलीत आहे.
काल रात्री दीडशेने उतरली, सकाळी परत चढली.
वारा दक्षिणेचा आहे, होड्या उशिरा येतील.
दोन नंबरचा पट्टा घासतोय,
तो आधी बघायला हवा.